सुलैतली मेथी

खरं सांगायचं तर शेतीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला गणितापासून सुटका हवी होती, एवढंच. दहावीला गणितात मी काठावर तरले होते आणि निकाल लागला त्याच दिवशी मनाशी ठरवलं होतं की पुन्हा या विषयाचं तोंड पाहायचं नाही. कॉमर्सचं नाव काढायची आमच्या घरात सोय नव्हती. बाबा इंजिनिअर, दोन्ही काका इंजिनिअर, आणि आई स्वतः बी.एस्सी. कॉमर्स म्हणजे दुसऱ्याच्या घरची मुलं घेतात तो विषय.

सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या इंडियन शाळेत अकरावी सायन्सला इंग्लिश, फिजिक्स आणि केमिस्ट्री सगळ्यांनाच घ्यावं लागे. उरलेल्या दोन विषयांच्या जोड्या शाळाच बांधून द्यायची. एकीत गणित आणि कॉम्प्युटर, दुसरीत गणित आणि बायॉलॉजी. म्हणजे कुठूनही गेलं तरी दारात गणित उभंच. त्या वर्षी मात्र एक नवी जोडी निघाली होती, बायॉलॉजी आणि ॲग्रिकल्चर. मी ती यादी वाचली आणि देवाला हात जोडले.

पालकांच्या मीटिंगला बाबा ऑफिसमधून थेट आले होते, अबकैकच्या प्लँटवरचे जाड बूट तसेच पायात. ॲग्रिकल्चर शिकवणाऱ्या मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. हा विषय अकरावीत एकदा बोर्डाकडे नोंदवला की बारावीपर्यंत तोच ठेवावा लागेल. बारावी पास व्हायला जे पाच विषय लागतात त्यातला हा एक, त्यामुळे मध्येच सोडता येणार नाही. आणि मधल्या काळात कोणाला इंडियाला परत जावं लागलं तर तिकडच्या शाळेत हा विषय असायला हवा, नाहीतर वर्ष अडकेल.

हे शेवटचं वाक्य ऐकून हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सौदीकरणाची वर्षं होती ती. ऑफिसांमधून परदेशी माणसं कमी करून सौदी माणसं घ्यायची, असा हुकूम सगळ्या कंपन्यांना होता, आणि कोणाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, कधी खलास होईल याचा नेम नव्हता. पुढच्या एप्रिलला आपण खोबरला असू की पुण्याला, हे तिथल्या एकाही बापाला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. एकेक जण मॅडमना थँक यू म्हणून गणिताच्या टेबलाकडे सरकला. सगळ्यांचा हिशोब पक्का होता, गणित आणि कॉम्प्युटर घेतलेलं पोर जगाच्या पाठीवर कुठल्याही शाळेत खपतं.

बाबा जागचे हलले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुला नक्की हवंय हे?"

"हो बाबा. मला शेतीत काहीतरी करायचंय."

हे वाक्य मी आदल्या दिवशी आरशासमोर घोटलं होतं. बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

तिथेच थांबलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण बाबांना त्याचा अभिमानच वाटायला लागला. नाशिकला काकांना फोन झाले. "सौदीत राहून पोरगी शेती शिकतेय, बोला!" शुक्रवारी समुद्रकाठी कॉर्निशवर फिरताना कोणी मराठी माणूस भेटला की पाच मिनिटांत गाडी माझ्या विषयावर यायची. आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक चाचा राहायचे. त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "शेती? आनी ती हय? अगो, आमच्या गावाक चल, फुकट शिकवतंय!" बाबाही हसले, पण वर म्हणाले, "हसा चाचा. वाळवंटात शिकली की कुठेही पिकवेल." मी खाली मान घालून उभी होते. सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

शाळेचं शेत म्हणजे बस उभ्या राहतात त्याच्या मागची एक पट्टी. नळाचं पाणी खारट, म्हणून मॅडमनी एसीतून ठिबकणारं पाणी आणायला सांगितलं होतं. ते पाणी आई इस्त्रीसाठी बादलीत साठवायचीच. सप्टेंबरात मी त्याच्या बाटल्या घेऊन बसमध्ये चढायचे आणि कॉम्प्युटरवाली मुलं "किसान आ गई" म्हणून टाळ्या पिटायची. वर्गात आम्ही मोजकेच. पुस्तक उघडलं की मातीचे प्रकार, मातीचे थर, मातीची व्याख्या. दोन महिन्यांत मला त्याचा इतका कंटाळा आला की गणित परवडलं असं वाटायला लागलं. परीक्षेच्या आधी पाठ करायचं, लिहायचं आणि विसरायचं. हे घरी बोलायची मात्र सोय उरली नव्हती, कारण बाबांनी मला एव्हाना कृषिशास्त्रज्ञ करून टाकलं होतं.

अकरावी संपता संपता बाबांची कंपनी अडचणीत आली. पुरेशी सौदी माणसं नाहीत म्हणून कंपनी लाल यादीत गेली. लाल यादीतल्या कंपनीला परदेशी माणसांचे इकामे नवे करून मिळायचे नाहीत. बाबांच्या हाताखाली दोन सौदी मुलं दिलेली होती, दोघंही नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. बाबा त्यांना पाइपांची ड्रॉइंग वाचायला शिकवत होते. त्या मुलांचा बाबांवर जीव होता. ती घरी खजूर पाठवायची आणि बाबांना "या मुहंदिस", म्हणजे "अहो इंजिनिअर", अशी अरबीत हाक मारायची. "पोरं चांगली आहेत," बाबा जेवताना म्हणायचे. "त्यांचा देश आहे, त्यांनीच चालवायला पाहिजे." मग थोडं थांबून म्हणायचे, "फक्त इतक्यात नको." आई वाढायची थांबायची आणि परत वाढायला लागायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मॅनेजरनं बाबांना बोलावलं. एक तर फायनल एक्झिट घ्या, म्हणजे कायमचं परत जा. नाहीतर इकाम्याचं एक वर्ष उरलंय, तेवढं काढायला रियाधला कंपनीचं गोडाऊन आहे, अल सुलै भागात, तिथे एका माणसाची जागा आहे. आलेला माल मोजून घ्यायचा, गेलेला लिहून ठेवायचा. इंजिनिअरचं काम नाही ते. राहायला गोडाऊनमागेच खोली, तीही चौघांत मिळून. घरच्यांना तिथे नेता येणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो होतो. आई म्हणाली, "अहो, पुरे झालं. जाऊ या परत. आपला फ्लॅट आहे तिकडे."

"आणि हिची बारावी?" बाबा म्हणाले. "हिचा विषय तिकडे मिळत नाही. वर्ष जाईल पोरीचं."

"बाबा, मी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. सगळं सांगायला तोंड उघडलं होतं मी. मला काही शेती-बिती करायची नाही, वर्ष गेलं तर जाऊ दे, मी कॉमर्सला पहिल्यापासून बसते. पण बाबांनी हात वर केला आणि म्हणाले, "तू काळजी करू नकोस. एका वर्षाचा तर प्रश्न आहे." आणि मी खरोखर गप्प बसले. बाबांनी अडवलं म्हणून गप्प बसले असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते खरं नाही. कोणी अडवावं याचीच मी वाट बघत होते.

अशा रीतीनं बावीस-तेवीस वर्षं प्लँटवर हेल्मेट घालून फिरलेला माझा बाप सुलैच्या गोडाऊनमध्ये पाइप मोजायला गेला. ओळखीचे लोक विचारायचे, तेव्हा तो एकच उत्तर द्यायचा. "काय करणार, मुलीचा विषय इंडियात मिळत नाही. तिची बारावी होईपर्यंत काढायचं." लोक माना डोलवायचे. मुलीसाठी केवढं करतो माणूस! माझ्याकडे बघून म्हणायचे, "नशीबवान आहेस."

दर गुरुवारी बाबा संध्याकाळच्या रेल्वेनं खोबरशेजारच्या दम्मामला यायचे. आईला गाडी चालवायची परवानगी नव्हती, तेव्हा कुठल्याच बाईला नव्हती. चाचा आपली गाडी काढायचे, आणि परक्या पुरुषाच्या गाडीत आम्ही दोघी बायका तिथे चालायच्या नाहीत म्हणून चाचींनाही सोबत घ्यायचे, बिचाऱ्यांचा काही संबंध नसताना. बाबा स्टेशनातून बाहेर आले की आधी पिशवी माझ्या हातात द्यायचे. पिशवीत तण असायचं.

झालं होतं असं की प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये निरनिराळी तणं गोळा करून, वाळवून, चिकटवायची होती. ज्या गावात पीकच नाही तिथे तण कुठून आणायचं? मी फोनवर सहज कुरकुर केली होती. सुलैच्या गोडाऊनमध्ये पाण्याचा टँकर उभा राहायचा तिथे गळतीच्या ओलीवर काहीबाही उगवायचं. बाबांनी ते उपटून जुन्या ड्रॉइंगांच्या घड्यांमध्ये दाबून वाळवायला सुरुवात केली. प्रत्येकावर टॅग लावलेला असायचा, पाइपाला लावतात तसाच. नंबर, तारीख, जागा. एकावर तर "रिव्हिजन १" लिहिलं होतं, कारण आधीचं नीट वाळलं नव्हतं. आई हसून हसून बेजार झाली. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

ती फाइल मॅडमनी सगळ्या वर्गाला दाखवली. "सी, हाउ सिन्सिअर," त्या म्हणाल्या. त्यातलं एकही रोप मी ओळखू शकले नसते.

डिसेंबरच्या सुट्टीत आई आणि मी रियाधला गेलो. बाबांच्या खोलीत राहणं शक्य नव्हतं, म्हणून आईच्या मैत्रिणीकडे उतरलो होतो. सुलै बघायचा हट्ट मीच धरला. ट्रकांची रांग, पत्र्याची गोडाऊनं, सगळ्यावर धुळीचा थर. बाबांच्या खोलीत चार पलंग आणि बाबांच्या उशाशी माझं अकरावीचं ॲग्रिकल्चरचं पुस्तक. मी रद्दीत टाकायला काढून ठेवलेलं.

"चल, तुला एक गंमत दाखवतो," बाबा म्हणाले.

गोडाऊनच्या मागे, भिंतीच्या आडोशाला, एक निळा प्लॅस्टिकचा पिंप उभा चिरून त्याचे दोन अर्धे आडवे ठेवले होते. त्यात यार्डातली वाळू आणि वाळूत मेथी. वीतभर वाढलेली. खोलीतल्या जारचं उरलंसुरलं गोडं पाणी ते तिला घालायचे. बाबा उकिडवे बसले आणि पानांवरून हात फिरवला. मला इतका आनंदी बाप कधी बघायला मिळाला नव्हता, खोबरलाही नाही. "पुस्तकात बघून केलंय सगळं. खोलीतल्या तिघांना सांगून ठेवलंय, पुढच्या शुक्रवारी मेथीची भाजी. पण एक कळत नाही. ही पानं खालून पिवळी का पडतायत? पुस्तकात सापडत नाहीये मला."

सापडलं नसतंच. ते बारावीच्या पुस्तकात होतं, आणि तो धडा मी उघडलाही नव्हता.

"मला माहीत नाही," एवढं म्हणायला किती लागतं? तीन शब्द. पण त्यांनी मान वर करून, एखाद्या साहेबाचं मत घ्यावं तसं, माझ्याकडे पाहिलं होतं. इतक्या दिवसांच्या सगळ्या थापा त्या क्षणी उघड्या पडल्या असत्या.

"पाणी जास्त होतंय," मी म्हणाले. "एक दिवसाआड घाला. तेही थोडंच."

"हां!" बाबा म्हणाले. "तरीच!" आणि आईकडे वळून, "बघ, एका नजरेत सांगितलं."

खोबरला परत आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर बाबा म्हणाले, "मेथी गेली गं. अख्खी वाळली. माझंच काहीतरी चुकलं असेल. तू सांगितलंस तसंच करत होतो."

त्या शुक्रवारी मी तो धडा वाचला. तेवढा एकच धडा मी पूर्ण वर्षात नीट वाचला असेन. वाळूत पोषण काही नसतं, जारच्या पाण्यातही नसतं. खत मिळालं नाही की आधी खालची पानं पिवळी पडतात. मेथीला भूक लागली होती आणि मी तिचं पाणी तोडलं. त्या कोरड्या हवेत, नुसत्या वाळूत, ती किती तग धरणार? मी फोन उचलला आणि परत ठेवला. मग प्रॅक्टिकल आली, मग बोर्डाची परीक्षा. ॲग्रिकल्चरच्या पेपरात नेमका तोच प्रश्न होता. पानं पिवळी पडण्याची कारणं लिहा. मी पूर्ण उत्तर लिहिलं आणि त्या विषयात मला सगळ्यांत चांगले मार्क मिळाले.

परीक्षा संपल्यावर बाबांनी फायनल एक्झिट घेतली. मी कृषी महाविद्यालयाच्या फॉर्मची तारीख उलटून जाऊ दिली, घरी उशीर झाला असं सांगितलं, आणि बी.कॉम.ला गेले. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. आज मी बँकेत आहे. दिवसभर गणितच करते, असं म्हणायला हरकत नाही.

बाबांना पुण्यात नोकरी मिळाली नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण घेणार? दोनचार ठिकाणी गेले, मग जायचे थांबले. फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्या आल्या. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी माहेरी गेले होते. आई देवळात गेली होती. बाबा गॅलरीत स्टुलावर बसून मेथी खुरपत होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि बोलून टाकलं.

"बाबा, मी ॲग्रिकल्चर फक्त गणित टाळायला घेतलं होतं."

त्यांनी वरही पाहिलं नाही. "माहीत आहे मला. तुझं दहावीचं मार्कशीट मी काय डोळे मिटून बघितलं होतं?"

"मग सही कशाला केलीत?"

"वाटलं, घेतलाय तर आवडेल. पोरांना आवडतं कधी कधी नंतर."

"आणि सुलै? तुम्ही माझ्या विषयासाठी ते वर्ष..."

बाबांनी खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "पुण्यात होती एक शाळा. तुझा विषय असलेली. सुलैला जायच्या आधीच मी फोन करून विचारलं होतं. प्रवेश द्यायला तयार होते ते."

मला आधी नीट कळलंच नाही.

"तुझ्या आईला अजून ठाऊक नाही," ते म्हणाले. "काय करणार होतो गं मी इथे येऊन? हे असं स्टुलावर बसणार होतो. अजून एक वर्ष तरी कोणीतरी मला कामावर जाताना बघावं असं वाटत होतं. नोकरी गेली म्हणायची लाज वाटायची. मुलीसाठी थांबलोय म्हटलं की माणसं मान द्यायची. तुझ्या नावावर काढलं ते वर्ष मी. तुला ओझं होत होतं ते दिसत होतं मला. दर गुरुवारी स्टेशनवर दिसायचं. तरी बोललो नाही."

माझ्या छातीवरचा दगड यानं उतरायला हवा होता. तो काही उतरला नाही. मला फक्त एवढं दिसलं की आम्ही दोघंही त्या स्टेशनाबाहेर एकमेकांच्या नजरा चुकवत उभे असायचो, आणि मधे तणाची पिशवी. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी प्रयत्नही करून पाहिला. पण पिंपाशी उकिडवा बसलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलेना.

बाबांनी मेथीची एक काडी उपटली, मुळाची माती झटकली आणि माझ्या हातात दिली. हिरवीगार होती, देठापासून शेंड्यापर्यंत.

"इथे बघ कशी छान येते," ते म्हणाले. "पण मला एक सांग. सुलैतली ती मेथी कशानं गेली असेल? अजून कधी कधी डोक्यात येतं. तू सांगितलंस अगदी तसंच केलं होतं मी."

"तसंच केलंत ना बाबा," मी म्हणाले, "म्हणूनच गेली."